मंगला गौरीचे जीजाजी

सोडमुंजीत एक गमतीचा विधी असतो. बटू छत्री-काठी घेऊन, खांद्यावर पंचा टाकून 'मी काशीला चाललो' म्हणत चार पावले टाकतो. मग मामा आडवा येतो, 'जाऊ नकोस रे, माझी मुलगी देतो तुला' असे आश्वासन देतो, आणि बटू काशीचा बेत रद्द करून जेवायला बसतो. माझ्या मामाला मुलगीच नव्हती, तरीही त्याने हे आश्वासन खणखणीत आवाजात दिले होते. पुढे पन्नाशी ओलांडल्यावर मी खरोखरच काशीला निघालो, तेव्हा अडवायला मामा हयात नव्हता. बायकोने अडवायला हरकत नव्हती. पण काशीत तिचेच माहेर. निदान मावशीचे घर तरी.

त्याआधी निवृत्तीचे सांगायला हवे. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी भारत संचार निगममधून ७८ हजारांहून जास्त माणसे स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी गेली. पन्नाशी झालेल्यांसाठी योजना होती आणि मी पन्नाशीत बसत होतो. एवढी माणसे एकाच संध्याकाळी निवृत्त झाली की निरोपाच्या भाषणांना काही अर्थ राहत नाही. भाषण करणाराही निवृत्तच होता, आणि त्याला हार घालणाराही. पुढच्या दीड-दोन महिन्यांत टाळेबंदी आली आणि सगळा देशच घरी बसला. त्यामुळे आपण निवृत्त झालो आहोत हे मला बरेच दिवस जाणवलेच नाही. जाणवले ते टाळेबंदी उठल्यावर. लोक डबे घेऊन कामावर जाऊ लागले आणि मी साताऱ्यात गच्चीवरून त्यांच्याकडे पाहत उरलो.

लवकर निवृत्त झालेल्या माणसाची एक अडचण अशी, की त्याला म्हातारा म्हणवत नाही आणि तरुण म्हटले तर लोक 'मग काम का करत नाही' विचारतात. ज्येष्ठ नागरिक संघात गेलो तर तिथले लोक मला चहा आणायला पाठवत. छंद जोपासा, असा सल्ला सगळ्यांनी दिला. मी बासरी आणली. शेजाऱ्यांनी मला गिर्यारोहणाचा छंद सुचवला.

अशा दिवसांत मावशींचा फोन आला. या माझ्या सासूबाईंच्या धाकट्या बहिणी. लग्न होऊन काशीला गेल्या त्या तिथल्याच झाल्या. पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत त्यांचा जुना चौकाचा वाडा आहे. मुले एक बंगळुरूला, एक पुण्याला. पाच खोल्या रिकाम्या, आणि विश्वनाथ धामाचे उद्घाटन डिसेंबर २०२१ मध्ये झाल्यापासून काशीत यात्रेकरूंची रीघ. मावशींनी खोल्यांना रंग दिला, गीझर बसवले आणि पाहुणे ठेवायला सुरुवात केली. "जावईबापू," त्या फोनवर म्हणाल्या, "तुम्ही मोकळे आहात म्हणून ऐकलं. कार्तिकात आलात तर बरं होईल. काम काही नाही, फक्त घरात बडं माणूस असावं." चाळीस-पन्नास वर्षांच्या मुक्कामाने मावशींच्या मराठीत असे हिंदी शब्द कायमचे राहायला आले आहेत.

इथे वाचकाने जरा थांबून परिस्थितीचे गांभीर्य लक्षात घ्यावे. मराठी माणसाच्या घरात सर्वांत मोठा पाहुणा म्हणजे जावई. त्याला सुभाषिताने दहावा ग्रह म्हटले आहे. त्याने पाटावर बसायचे, दुसऱ्यांनी वाढायचे. असा हा ग्रह आपल्या कक्षेतून सुटून आतिथ्यव्यवसायात शिरला आणि काशीतल्या मैदागिनच्या चौकात हातात पाटी धरून गिऱ्हाइकाची वाट बघत उभा राहिला. माझ्या सासूबाईंना हे प्रथम समजले तेव्हा त्यांनी बहिणीला विचारले म्हणे, "अगं, जावयाला कामाला लावलंस?" मावशी म्हणाल्या, "कामाला कुठे? आलेत, राहतात, मदत करतात."

याच मुद्द्यावर पगाराचा प्रश्न अडला. जावयाला पगार द्यायचा कसा? मावशींनी त्यातून तोड काढली. महिनाअखेरीस त्या मला देवघरासमोर बोलावतात, पाकीट देतात, पाकिटाला कुंकवाचे बोट लावलेले असते आणि आत रकमेवर एक रुपया जास्त असतो. मी नमस्कार करतो. त्यांच्या हिशेबाच्या वहीत ही रक्कम 'आहेर' म्हणून पडते. सरकारी नोकरीत मी वेतनश्रेणी, महागाई भत्ता, थकबाकी वगैरे पुष्कळ पाहिले. पण पगार घेऊन वर आशीर्वाद मिळणे हे इथेच पाहिले. या व्यवस्थेचा मोठा फायदा असा, की मालकीण मला रागावू शकत नाही. जावयावर ओरडायची पद्धत नाही. फार झाले तर त्या माझ्या बायकोला फोन करतात.

वेळेचेही सैल आहे. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत मी काशीत. वैशाख-ज्येष्ठात तिथल्या लूपुढे, त्या गरम वाऱ्यापुढे, कुणाचेच चालत नाही, पाहुणे नसतात आणि मीही नसतो. आषाढात साताऱ्याचा पाऊस, श्रावणात पुन्हा काशीची एक फेरी. इथे असतानाही कधी सकाळ, कधी संध्याकाळ, गाडी उशिरा असली तर रात्र. उरलेला वेळ माझा. बासरी मात्र आणलेली नाही. जवळच्याच बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खाँसाहेबांनी वर्षानुवर्षे शहनाईचा रियाज केला. त्या हवेत आपण फुंकर घालू नये एवढे मला कळते.

कामाचे स्वरूप सांगतो. मैदागिनपुढे गल्ल्यांत मोटार येत नाही. पाहुणा तिथे ई-रिक्षातून उतरतो, फोनवरचा नकाशा उघडतो आणि नकाशा त्याला कुणाच्या तरी गोठ्यात नेऊन सोडतो. म्हणून त्याला आणायला माणूस लागतो. मी पुढे चालतो, पाहुणा मागून. त्याच्या मागून चाकांची बॅग फरशांवर खडखडत येते आणि एका वळणावर समोरून सांड येतो. सांडाला वाट द्यायची असते, आपण ओट्यावर चढायचे असते; हे सांगेपर्यंत पाहुणा ओट्यावर पोचलेला असतो. मग परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे भरायची. देशी असेल तर आधारची झेरॉक्स घ्यायची. गच्चीवर चष्मा काढून ठेवू नका, माकडे नेतात, हे दोघांनाही सांगायचे. दोघेही ऐकत नाहीत. मग माकडाला केळे देऊन चष्मा सोडवायचा. हे काम मात्र मी जावई असूनही घरच्या पोऱ्यावर सोपवले आहे, कारण माकडे मला मानत नाहीत.

हा पोऱ्या हरहुन्नरी आहे. मावशींची मुले फोनवर मला 'जीजाजी' म्हणतात हे ऐकून तोही जीजाजी म्हणू लागला. त्याचे ऐकून दूधवाला म्हणू लागला, मग कचौडीवाला, मग नाववाले. आता पंचगंगेपासून दुर्गाघाटापर्यंत मी समस्त गल्लीचा जीजाजी आहे. हिंदी मुलखात जीजाजी म्हणजे मान द्यायचा आणि मनसोक्त थट्टा करायची असा माणूस. "का हो जीजा, आज ससुरालमें ड्यूटी बा?" असे चहावाला रोज विचारतो आणि पैसेही रोज घेतो. एका फ्रेंच बाईंना तर ते माझे आडनाव वाटले. निघताना त्यांनी अभिप्राय लिहिला, त्यात मिस्टर जीजाजी अत्यंत मदतशील आहेत, असे म्हटले आहे. तो मी साताऱ्याला पाठवला. सासूबाईंनी तो दोनदा वाचून घेतला आणि तेव्हापासून त्यांची तक्रार बंद आहे.

आमच्या आधी या गल्ल्यांत हा व्यवसाय नव्हता असे कुणी समजू नये. उलट काशीत मराठी माणसाचे बस्तान बसले ते पोथी आणि पाहुणा या दोहोंवर. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातल्या नारायण भट्टांनी सोळाव्या शतकात 'त्रिस्थलीसेतु' लिहिला. प्रयाग, काशी, गया इथे काय करावे, कोणत्या क्रमाने करावे, याचा तो ग्रंथ. याच घराण्यातले गागाभट्ट १६७४ साली रायगडावर शिवराज्याभिषेकाला गेले. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा, रामघाट या पट्ट्यात मराठी घरे वसली. बिंदुमाधवाचे आजचे देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधले, पंचगंगेवरचा दगडी हजारा दीपस्तंभ अहिल्याबाईंच्या नावाने ओळखला जातो. आणि या सगळ्या शेकडो वर्षांत देशावरून नि कोकणातून आलेला यात्रेकरू उतरायचा कुठे? क्षेत्रोपाध्यायांच्या घरी. तिथेच राहणे, जेवणे, विधी, आणि निघताना वहीत नोंद. गाव, कुळ, बापाचे नाव, आजाचे नाव, बरोबर कोण कोण आले. आता आम्ही आधारची झेरॉक्स घेतो तिच्यात जेमतेम बापाचे नाव सापडते. त्या वह्यांत चार-चार पिढ्या सापडतात. मात्र जुन्या नोंदी मोडीत असल्यामुळे पुष्कळदा पणतू आपल्या पणजोबाची सही हातात धरून 'हे काय लिहिलंय' असे उपाध्यायांना विचारतो.

मावशींच्या सासरीही पूर्वी हेच होते. त्या काळी खोलीचे भाडे नसे, दक्षिणा असे, आणि अभिप्राय लिहिण्याची सोय नसल्याने यात्रेकरू गावी जाऊन तोंडी सांगे. तोंडी सांगणे जास्त धोक्याचे. मला वाटते, मावशींनी खोल्यांना क्रमांक दिले आणि गीझर बसवले याहून जास्त काही बदललेले नाही. उत्तर प्रदेश सरकारने २०२५ मध्ये होमस्टेचे धोरण आणले, त्यात सहा खोल्यांपर्यंतच्या घरांना नोंदणी मिळते. मावशींचे म्हणणे, आम्ही हे तीन पिढ्या करतो आहोत, धोरण त्यांना आज सुचले.

आता पाहुण्यांकडे येतो. परदेशी पाहुण्यांचे सोपे असते. त्यांना सगळेच नवीन असते म्हणून ते सगळेच गोड मानून घेतात. मराठी पाहुणा काशीला येतो तो घरून निर्णय ठरवून. पहिल्या सकाळी तो विचारतो, "पोहे मिळतील का?" समोर कचौडी-जिलेबी वाफाळत असते, थंडी असेल तर चौखंब्याकडे मलाईयो मिळत असते, जी दवात ठेवलेल्या दुधाच्या फेसाची वस्तू उन्हाळ्यात डोळ्यांना दिसत नाही. त्याला पोहे हवे असतात. मावशी त्याला चूडा-मटर देतात. भिजवलेले पोहे, कोवळा मटार, तूप, आले, वर लिंबू. पाहुणा संपवतो, बशी पुसून खातो आणि म्हणतो, "छान आहे, पण पोह्यांची सर नाही." मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मागतो.

दुसरा प्रश्न धरहऱ्याचा, म्हणजे मिनाराचा. पंचगंगेवर औरंगजेबाच्या काळातली मशीद आहे, तिचे उंच मिनार आता उरलेले नाहीत, पण जागेला लोक अजून 'माधवराव का धरहरा' म्हणतात. हे नाव कानावर पडताच मराठी पाहुण्याचा ऊर भरून येतो. "आपले पेशवे!" हा माधवराव म्हणजे बिंदुमाधव, साक्षात विष्णू, हे समजावून सांगताना मला समोरचा चेहरा पडताना दिसतो. विष्णू निघाल्याने एवढा निराश होणारा भक्त मी दुसरा पाहिला नाही.

पण खरी कसोटी पंचांगाची. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे इथला श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो नि आधीच संपतो. श्रावणातल्या मंगळवारी मंगला गौरीच्या देवळात बायकांची दाट गर्दी असते. आपल्याकडच्या नव्या नवऱ्या, लग्नानंतर पाच वर्षे मंगळागौर पुजणाऱ्या, यांना साक्षात मंगला गौरीच्या दारी पूजा करायची हौस असते. त्या पुण्याहून मंगळवार बघून तिकिटे काढतात. येऊन पाहतात तर गर्दी ओसरलेली. गल्लीच्या लेखी भाद्रपद लागलेला. "मग आमचा मंगळवार धरायचा की तुमचा?" असे एका मुलीने मला विचारले. मी मावशींकडे बोट दाखवले. मावशी म्हणाल्या, "देवी दोन्ही पंचांगं पाहते. तुम्ही सोळा पत्री घेऊन या." मला हे उत्तर शास्त्रीय वाटत नाही, पण आतिथ्याच्या दृष्टीने त्यात उणे काढायला जागा नाही. देवळाच्या बाजूच्या खोलीत त्या मुलींनी रात्री हळू आवाजात झिम्मा खेळला आणि खालच्या मजल्यावरचा जर्मन पाहुणा उठून आला. तक्रारीसाठी आला असेल म्हणून मी पुढे झालो. त्याला शिकायचा होता.

देवदिवाळीचा घोळ याच्या उलट. काशीत देवदिवाळी कार्तिकी पौर्णिमेला, आपल्या त्रिपुरी पौर्णिमेला. हल्ली सगळे घाट दिव्यांनी उजळतात, त्याची सुरुवात पंचगंगेवरूनच झाली. कार्तिकभर इथे वेळूच्या काठ्यांवर आकाशदिवे टांगलेले असतात, पितरांच्या वाटेवर उजेड पडावा म्हणून. आपल्याकडे पुष्कळ घरांत देवदिवाळी म्हणजे मार्गशीर्षाची प्रतिपदा. तिचे आरक्षण करून मंडळी येतात, कॅमेरे सरसावून घाटावर जातात. तिथे एखादा म्हातारा स्नान करीत असतो आणि तीन कुत्री असतात. पौर्णिमेला मात्र आमच्या गच्चीचेसुद्धा आरक्षण लागते. त्या रात्री मी जावई, मालक, पोऱ्या, पहारेकरी सगळे असतो आणि पाहुण्यांना बाहेर सोडून परत मोजून घेतो.

टेलिफोन खात्यातले आयुष्य इथे कामी येते, हे मला आधी ठाऊक नव्हते. उंदीर, पाऊस आणि रस्ते खोदणारी मंडळी यांनी मिळून जे करायचे ते केल्यावर लोकांचे बोलणे कुणीतरी ऐकून घ्यायचे असे. ते मी ऐकले आहे. समोरच्याला मधेच तोडू नये, त्याचे संपू द्यावे, मग 'बघतो' म्हणावे आणि खरोखर बघावे. गीझर गार असो, घाटाच्या पायऱ्यांनी गुडघे धरलेले असोत, नाववाल्याने जास्त घेतलेले असोत. उपाय पुष्कळदा माझ्याकडे नसतोच. माणसाला तो हवाही नसतो. त्याला घाईत नसलेला माणूस हवा असतो. मोठ्या हॉटेलातल्या तरुण पोरांकडे सगळे असते, एवढे नसते. त्यांच्यामागे पुढचा पाहुणा उभा असतो, बढती उभी असते. माझ्यामागे कुणी नाही. निवृत्तीने माझ्याजवळ जे नको इतके साठवून ठेवले होते, तेच इथे विकले जाते.

मंगला गौरीच्या देवळात मयूखादित्य आहे, काशीतल्या बारा आदित्यांपैकी एक. काशीखंडातली कथा अशी, की सूर्याने इथे येऊन मंगला गौरी आणि गभस्तीश्वर यांची आराधना करत घोर तप केले. त्याच्या तेजाने त्रैलोक्य तापले. त्याचे शरीर दिसेना, नुसते किरण दिसत. म्हणून मयूखादित्य. मी ही कथा प्रथम ऐकली तेव्हा साताऱ्याच्या गच्चीवरचा मी मला आठवलो. कामावरून उठून स्वस्थ बसलेला कर्ता पुरुष असाच तापतो आणि झळ घरादाराला लागते. शंकराने सूर्याला शांत केले, वर दिला. मला मावशींनी पाटी दिली.

काशीला राहायला जातो म्हटल्यावर गावाकडे काही मंडळींनी माझा हात हातात घेऊन धरला होता. काशीत मरायला जातात, हे आपल्या रक्तात आहे. आणि ते खोटे नाही. मुक्ति भवन म्हणून एक घर १९५८ पासून इथे आहे, तिथे शेवटच्या दिवसांतल्या माणसाला खोली मिळते, साधारण दोन आठवड्यांसाठी. काशीतल्या सगळ्या अतिथीगृहांत सर्वांत गंभीर पाहुणे त्यांचे. आमच्याकडेही कधी एखादे म्हातारे जोडपे येते, सगळे बघून झाले तरी निघायचे नाव काढत नाही, रोज पंचगंगेच्या पायऱ्या मोजत उतरते. त्यांच्याशी मी जरा जास्त वेळ बोलतो. काय बोलतो ते सांगण्यासारखे नाही. बहुतेक वेळा गुडघे आणि नातवंडे.

लोक विचारतात, पेन्शन असताना कशाला हा उपद्व्याप? पेन्शन तशीच येते, मावशींचे पाकीट तिच्या पासंगालाही पुरणार नाही. पण पेन्शन घेताना कुणी माझी वाट बघत नसते. इथे मैदागिनला गाडीतून उतरलेले माणूस मान उंच करून गर्दीत मला शोधते. त्यासाठी मी पहाटे उठतो. साताऱ्यात मला डॉक्टरांनी सांगूनही उठवत नव्हते.

भाद्रपदाकडे गंगा चढते, घाट एकेक करून पाण्याखाली जातात, नावा बंद होतात. तेव्हा येऊ नका. येणार असाल तर थंडीत या, पंचांग दोन्ही पाहून या, चाकांची बॅग आणू नका, पाठीवरची आणा. मैदागिनला उतरून नकाशा उघडू नका, फोन करा. आणि सोमवारी यायचे असेल तर तसे आधी कळवा. सोमवारी विश्वनाथाची गर्दी असते, त्यामुळे मी त्या दिवशी सुट्टी घेतो.